उचलला की उडतो

आमच्या घरात सगळे म्हणतात, मंजुश्रीच्या नाकावर राग असतो. असतो. नाक माझं, राग माझा. पण गेल्या दसऱ्याला जो आला तो नाकावर मावणारा नव्हता, आणि तो आला एका माऊसपायी.

माऊस म्हणजे कॉम्प्युटरचा. बिनवायरीचा, गेम खेळणाऱ्यांसाठी मुद्दाम हलका बनवलेला. माझा भाऊ स्वरूप, म्हणजे माझा अण्णा, असल्या वस्तूंची पारख करणारं यूट्यूब चॅनेल चालवतो. कंपन्या कीबोर्ड, हेडफोन, माऊस पाठवतात. अण्णा कॅमेऱ्यासमोर खोकं उघडतो आणि वस्तू घेण्यासारखी आहे की नाही ते मराठीत सांगतो. कॅमेरा सुरू झाला की अण्णा पुण्याचा होतो. "नमस्कार मित्रांनो, आज आपण बघणार आहोत," असं तोंड भरून बोलतो. कॅमेरा बंद झाला की पुन्हा आमच्या बेळगावातल्या वडगावचा, "मंजे, च्या आण गं."

तोंड त्याचं, पण व्हिडिओत माऊस धरलेला हात माझा. कारण अण्णाला खेळता येत नाही. त्याला फक्त बोलता येतं. खेळते मी. बेळगावातल्या कॉलेजांच्या स्पर्धेत आमची पोरींची टीम अंतिम फेरीपर्यंत गेली होती आणि टीमची नेमबाज मी होते. पण हे चॅनेलवर कोणाला माहीत नाही. अण्णा मला बांगडी काढायला लावतो आणि हातात काळा मोजा घालायला लावतो, का तर म्हणे प्रोफेशनल दिसतं. लोक समजतात हात त्याचाच. समजू देत. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो आमच्या घरी असा खुर्चीत बसलेला असतो.

आमचं घर मागाचं. पुढच्या लांब खोलीत दोन पॉवरलूम आहेत, त्यांच्यावर साड्या निघतात. आप्पा गेल्यापासून आईच सगळं बघते. यल्लव्वा हे तिचं नाव घेतलं की वडगावात कोणीही घर दाखवेल. पूर्वी माग तीन होते. अण्णानं चॅनेल काढायचं म्हटल्यावर आईनं तिसरा माग काढून टाकला आणि त्या जागी प्लायवूडची भिंत घालून त्याला खोली करून दिली. पण भिंतीनं मागाचा खटका थांबत नाही. तो सुरू असला की शेजारच्याचं बोलणंही ऐकू येत नाही. म्हणून अण्णाचं रेकॉर्डिंग असलं की आई माग बंद करते. बेळगुंदीहून येणारे आमचे रवळूमामा दोन्ही माग सांभाळतात, ते मग पायरीवर बसून तंबाखू मळतात. अण्णा बोलायचा थांबला की माग पुन्हा सुरू. हे किती वेळा झालं असेल, याचा हिशेब आईनं कधी मागितला नाही.

दसऱ्याच्या आधी बेंगळुरूच्या एका कंपनीनं हा माऊस पाठवला. कंपनीचं नाव सांगत नाही, तिची फुकट जाहिरात करायची माझी इच्छा नाही. माऊस अजून बाजारात आला नव्हता. पारख चांगली झाली तर कंपनी अण्णाशी वर्षभराचा करार करणार होती. आमच्या चॅनेलला कोणी करारबिरार देण्याची ही पहिलीच वेळ. अण्णा चार दिवस हवेत होता.

खरं सांगायचं तर मलाही माऊस पहिल्यांदा आवडला. वजन कमी करायला त्याच्या पाठीला चाळणीसारखी भोकं पाडली होती. सुताचं वजन करायच्या काट्यावर ठेवून बघितला, कंपनीनं सांगितलं होतं तेवढाच भरला. हातात घेतला की काही घेतलंय असं वाटायचंच नाही. दोन्ही बटणं कशी टकटकीत. कापडी पॅडवर असा सरकायचा की तेल लावलंय जणू. चार्जिंगही मरत नव्हतं. मी म्हटलं, वा, पहिल्यांदाच कोणीतरी खोटं बोललेलं नाही.

मग मी माझा बंदुकीचा गेम लावला, आणि त्याचं बिंग फुटलं.

मी खेळते तेव्हा माऊसचा वेग कमी ठेवते आणि अख्खा हात फिरवते. नेम पक्का बसतो. पण हात फिरवता फिरवता माऊस पॅडच्या काठाशी येतो. मग तो जरा उचलायचा, परत मधे आणून टेकवायचा. इस्त्री करताना कापडाच्या टोकाला गेलं की आपण इस्त्री उचलून मागं आणतो ना, तसंच. उचललेला असताना पडद्यावरचा नेम जागचा हलता कामा नये, हा साधा नियम. हा माऊस उचलला की नेम टुणकन उडी मारून आभाळात जायचा. समोर शत्रू उभा आणि मी ढगांवर गोळ्या झाडते आहे. दहा वेळा उचलला, दहा वेळा उडाला. पॅड बदललं, टेबलावर ठेवला, सेटिंग बदलली. तरीही उडाला.

मी अण्णाला बोलावलं. "ह्यो उचलला की उडतोय बघ."

अण्णानं खुर्चीत बसून मनगटानं माऊस इकडेतिकडे हलवला. "मला तर काय दिसत न्हाय."

"उचल की."

"मी उचलतच न्हाय गं. मनगटावर खेळतो मी."

"तू खेळतच न्हाईस. जे खेळतात ते उचलतात. त्यांनीच घ्यायचाय ह्यो."

"मंजे, तुझी धरायची पद्धतच वाकडी हाय," असं म्हणून तो उठला. दारात थांबून हळूच म्हणाला, "आणि हे कुठं बोलू नगस. करार होऊ दे आधी."

म्हणजे त्याला दिसलं होतं. झोपलेल्याला जागं करता येतं, झोपेचं सोंग घेतलेल्याला कोण जागं करणार? मी दात ओठ खाऊन गप्प बसले. म्हटलं, रेकॉर्डिंगला पडद्यावर दिसेलच, तेव्हा काय करशील?

मधे खंडेनवमी आली. आमच्या गल्लीत तो दिवस दिवाळीपेक्षा मोठा. माग आदल्या दिवशीच धुऊन पुसून ठेवायचे, त्यांना झेंडूच्या माळा आणि केळीचे खुंट बांधायचे. मागात सूत इकडून तिकडे नेणारे धोटे, कात्र्या, बॉबिन भरायचं यंत्र, गाड्या, जे जे हत्यार घरातल्या माणसाच्या हाताला भाकरी देतं त्या सगळ्याची पूजा. शेवटी कोहळा कापून दारात ठेवायचा. पूजलेल्या हत्याराला त्या दिवशी कोणी हात लावायचा नाही, त्याला विश्रांती. आमच्याकडे ही पूजा आई करते. आंघोळ करून, नवी साडी नेसून, कोणाशी न बोलता ती एकेका वस्तूसमोर बसते. दोन्ही माग झाले, अण्णाची मोटारसायकल झाली, मग ती आरतीचं ताट घेऊन प्लायवूडच्या खोलीत आली. कॉम्प्युटरला हळदकुंकू लावलं, कॅमेऱ्याला लावलं. माऊसपाशी आली तेव्हा मी तिथंच होते.

"आई, त्यावर पानी शिंपडू नगस. भोकं हायत," मी म्हटलं.

"बरं," म्हणाली. तांब्या बाजूला ठेवला. कोरं हळदकुंकू चिमटीत घेतलं, माऊसच्या पाठीवर वाहिलं, झेंडूची एक पाकळी ठेवली आणि हात जोडून पुटपुटली, "माझ्या लेकाच्या हाताला यश दे रे बाबा." थोडं कुंकू भोकांतून आत गेलं. पाण्याचा एक थेंब गेला नाही. हे मी डोळ्यांनी बघितलंय आणि कोणाच्याही समोर सांगेन.

दसऱ्याला माग बंदच असतात, घर शांत असतं. म्हणून अण्णानं त्या दुपारी कंपनीच्या बाईंना व्हिडिओ कॉलवर खेळाचा नमुना दाखवायचं ठरवलं. पूर्णिमा त्यांचं नाव. हिंदीत बोलायच्या, चांगल्या हसऱ्या होत्या. मी मोजा चढवून खेळायला बसले. कोपऱ्यात रवळूमामा आपट्याची पानं द्यायला आले होते ते उभे होते. आई गोड, कुरकुरीत कडाकण्यांचं ताट घेऊन दारात आली. नेमका तेव्हाच मी माऊस उचलला आणि नेम आभाळात गेला.

पूर्णिमाबाईंचं हसू थांबलं. त्यांनी विचारलं, हे काय, उडी का मारतोय?

कंपनीला तोंडावर सांगायचं की तुमचा माऊस खराब आहे, ही धमक अण्णात नव्हती. त्यानं माझ्या हातातल्या माऊसकडे बघितलं. भोकांतून कुंकू दिसत होतं. आणि तो हिंदीत म्हणाला की मॅडम, काल आमच्याकडे पूजा होती, आईनं हळदकुंकू आणि पाणी घातलं, सेन्सर बिघडला.

पाणी. पाणीसुद्धा त्यानं स्वतःच्या मनानं घातलं.

पूर्णिमाबाई एवढ्या हसल्या की त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाल्या, किती गोड, माऊसची पूजा! काळजी करू नका, नवा पाठवते. बाजारात आणायच्या दिवशी तुमच्या चॅनेलवर लाइव्ह करा, आणि आईला शेजारी बसवा, हा किस्सा लोकांना फार आवडेल. अण्णा हो हो करत राहिला.

इथवर मी समजू शकले असते. माणूस घाबरला, थाप मारली. पण थाप मारली की ती खरी करून दाखवावी लागते. कॉल बंद झाल्यावर अण्णा आईवर ओरडला. "कळत न्हाय त्यात हात कशाला घालतीस? ह्यो काय धोटा हाय व्हय? अडाणी ते अडाणीच. वर्षाची मेहनत घालवलीस माझी." रवळूमामांच्या समोर. दसऱ्याच्या दिवशी. आईच्या हातात त्याच्यासाठी आणलेलं ताट.

आईनं ताट टेबलावर ठेवलं आणि ती आत गेली.

मी तिच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेले. "आई, त्यो माऊस आधीपासनंच तसा हाय. मी अण्णाला पयल्या दिशी सांगितलंय. तुझ्यामुळं काय झालं न्हाय."

"माझी बाजू घिऊ नगस," आई म्हणाली. "तुला वाईट वाटतंय म्हणून बोलालीस. त्यो शिकल्याला हाय, त्याला कळतंय. मीच हात लावायचा न्हवता."

मी शपथ घेतली, हातापाया पडले. तिला ते पटेना. मुलगी आईला सांभाळून घेते, मुलगा खरं बोलतो, असं कुठल्याशा जन्मापासून तिच्या डोक्यात बसलेलं. त्याचाही मला राग आला. खोटं का सांगू, तिचाही आला.

आमच्याकडे सकाळी माग सुरू व्हायच्या आधी आई दोन्ही मागांना हात लावून नमस्कार करते. मगच रवळूमामा बटण दाबतात. मी जन्मल्यापासून हे बघते आहे. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आई उंबऱ्यातच उभी राहिली. "तूच घाल चालू, रवळू," म्हणाली.

"आक्का, हात लावा की," रवळूमामा म्हणाले.

"नगं. माझा हात नगं आता कशाला."

मामांनी माझ्याकडे बघितलं. मी अण्णाच्या खोलीकडे बघितलं. तो कानाला हेडफोन लावून लाइव्हचं चित्र बनवत होता. त्यात माऊस, कुंकवाचा करंडा आणि जीभ बाहेर काढून हसणारा पिवळा चेहरा. मी जाऊन त्याचे हेडफोन ओढले.

"आईला सांग खरं."

"सांगतो की. लाँच होऊ दे."

"आत्ता सांग. तिनं मागाला हात लावला न्हाय आज."

"मंजे, एवढं काय झालंय? आई हाय ती. आईला कुठं काय वाटतंय." आणि वर मलाच म्हणाला, "आणि लाइव्हला उचलायचा न्हाय हं माऊस. वेग वाढवून ठेव, मनगटावर खेळ. कुणाला कळत न्हाय."

त्या क्षणी माझ्या हातात धोटा असता तर बेळगावच्या पेपरात आमचं नाव आलं असतं. पण मी नुसतं "बरं" म्हटलं. मी "बरं" म्हटलं की घाबरायचं असतं, हे अण्णाला एवढ्या वर्षांत कळायला हवं होतं.

नवा माऊस आला. लाइव्हच्या दिवशी अण्णानं आईला आपल्या शेजारी बसवलं. समोर करंडा ठेवला. ती ओठ मिटून, पदर दोन्ही खांद्यांवर घेऊन बसली होती. तिला कोणी बळजबरी केली नव्हती. ती स्वतःहून आली होती, आणि हेच मला जास्त लागत होतं. आपल्यामुळे पोराचं नुकसान झालं तर आपण चार लोकांत हसं करून घेऊन ते भरून देऊ, एवढाच तिचा विचार होता. तिनंच माग बंद करायला सांगितले. रवळूमामा पायरीवर न जाता खोलीच्या दारातच बसले. मी टेबलाच्या कडेला, कॅमेऱ्याबाहेर. फक्त माझा हात दुसऱ्या कॅमेऱ्यात, मोजा घातलेला.

"नमस्कार मित्रांनो," अण्णा पुण्याचा झाला. नवं खोकं सगळ्यांसमोर फोडलं, नवा माऊस काढला, वजन सांगितलं, भोकं दाखवली. मग आईच्या खांद्यावर हात टाकून म्हणाला, "आणि ही माझी आई. हिनं पहिल्या माऊसची पूजा करून त्याला थेट मोक्ष दिला. आई, आता या माऊसला तरी हात लावणार नाहीस ना?"

पडद्याच्या कडेला लोकांचे संदेश भराभर वर चढू लागले. हसणारे चेहरे, टाळ्या. कोणी लिहिलं, आजी लई भारी. कोणी लिहिलं, माऊसला तेल पण पाजा. निपाणीच्या कोणा शहाण्यानं लिहिलं, आमची म्हातारी पण अशीच, फ्रिजला ओवाळते.

आईनं हसून उत्तर द्यायचं असं ठरलं होतं. आईला हसायला जमलं नाही. तिनं कॅमेऱ्याकडे बघून दोन्ही हात जोडले. "चुकलं माझं," ती म्हणाली. "मला कळत न्हाय त्यातलं. पोराचं लई नुकसान झालं. परत न्हाय हात लावायची."

अण्णा खोटं हसला. संदेशांमधले चेहरे आणखी हसले. आणि माझं डोकं फिरलं. एक बाई, जिच्या मागावर आमचं शिक्षण झालं, जिनं आपला माग काढून याला खोली दिली, ती न केलेल्या चुकीसाठी अख्ख्या दुनियेसमोर हात जोडते, आणि चूक कोणाची ते माहीत असलेला माणूस शेजारी बसून दात दाखवतो.

"चला, आता बघूया खेळात हा कसा चालतो," अण्णा म्हणाला आणि डोळ्यानं मला खुणावलं.

मी मोजा काढून फेकला. वेग नेहमीसारखा कमी केला. हात पॅडच्या काठापर्यंत नेला आणि माऊस उचलला. नेम आभाळात. परत आणला, परत उचलला. परत आभाळात. हसणारे चेहरे जरा कमी झाले. कोणीतरी लिहिलं, हे काय होतंय?

"मित्रांनो, जरा नेटवर्क," अण्णा म्हणाला.

"नेटवर्क न्हाय," मी म्हटलं. माझा आवाज त्या चॅनेलवर पहिल्यांदाच गेला असेल. "ह्यो माऊस आत्ता तुमच्यासमोर खोक्यातनं काढलाय. ह्याला कुंकू लागलेलं न्हाय, पानी लागलेलं न्हाय. बघा. उचलला की उडतोय. बटणं चांगली हायत, वजन खरं हाय, चार्जिंग टिकतंय. पण उचलून खेळणाऱ्यानं ह्यो घेऊ नये. पयला पण असाच उडत होता, पूजेच्या आधीपासनं."

अण्णानं झडप घालून लाइव्ह बंद केलं. त्याचा फोन टेबलावर थरथरायला लागला, पूर्णिमाबाईंचं नाव दिसत होतं. तो माझ्या अंगावर धावून आला. "येडी झालीस काय गं? करार गेला की माझा!"

"जाऊ दे खड्ड्यात."

"मंजू," आई म्हणाली.

आम्ही दोघंही थांबलो. आई जागची हलली नव्हती. तिची नजर पडद्यावर होती, जिथं नेम अजून ढगात अडकला होता.

"त्यो जुना आण," ती म्हणाली.

मी खणातून पहिला माऊस काढला. भोकांत कुंकू तसंच होतं. जोडला, हलवला, उचलला. उडाला. मग नवा उचलला. उडाला. आईनं दोन्ही नीट बघितलं. मग एकदा स्वतःच्या हातानं जुना माऊस उचलून बघितला. पडद्यावरचा नेम उडाला तसं तिनं मान हलवली.

"दोन्ही सारखंच."

"व्हय."

"पूजेच्या आधी बी असंच हुतं?"

"व्हय, आई. मी सांगितलं हुतं की तुला."

"ह्येला ठावं हुतं?"

मी अण्णाकडे बघितलं. रवळूमामांनीही बघितलं. फोन थरथरून थरथरून गप्प झाला.

"आई, मी सांगणारच हुतो," अण्णा म्हणाला. पुणं कुठल्या कुठं पळालं होतं. "करार झाला की लगेच सांगणार हुतो. चुकलं माझं, आई."

आई उठली. मला वाटलं, आता ती रडेल नाहीतर त्याला जवळ घेईल, कारण तो चुकलं म्हणाला की ती नेहमी जवळ घेते. तिनं पदर नीट केला.

"अडाणी म्हणालास," ती म्हणाली. "म्हण. शाळा न्हाय शिकले मी. पर तुला ठावं असून म्हणालास."

"आई, चुकलं म्हणतोय न्हवं."

"कुणाम्होरं म्हणतोस?" आईचा आवाज चढला नव्हता. मी एवढी तापट, पण असा आवाज मला कधी काढता आला नाही. "मी कुणाम्होरं हात जोडलं? त्या काचेम्होरं. सगळा मुलूख हसत हुता. आणि तू हितं घरात, माझ्या कानात चुकलं म्हणतोस? लाव परत त्ये."

"आई, कंपनी मला कायमचं..."

"लाव."

तेवढ्यात रवळूमामांना वाटलं, आता घरातलं भांडण, आपण कशाला. ते उठून मागाकडे निघाले. त्यांचा हात बटणाकडे गेला असेल नसेल, आईनं हाक मारली. "थांब रं, रवळू. अजून ह्येचं बोलायचं ऱ्हायलंय. माग चालू झाला तर ऐकू यायचं न्हाय."

मामा थांबले.

मी कॅमेऱ्यामागं गेले आणि लाइव्ह सुरू केलं. लाल ठिपका पेटला. पळालेले लोक भराभर परत आले, भांडण बघायला माणसं कुठूनही येतात. अण्णा खुर्चीत बसला. घसा साफ केला.

"नमस्कार मित्रांनो, मगाशी एका तांत्रिक कारणामुळे आपल्याला..."

"तसं न्हाय," आई दारातून म्हणाली. "घरात बोलतोस तसं बोल."

अण्णानं तोंड मिटलं. संदेशही थांबले. माग बंद, फोन बंद. आई दाराच्या चौकटीला टेकून उभी होती आणि तिला कसलीच घाई नव्हती.

"माझ्या आईनं काय केलं न्हवतं," अण्णा म्हणाला. त्याची नजर कॅमेऱ्याकडे नव्हती. "माऊस आधीपासनंच तसा हुता. तिनं पानी पण घातलं न्हवतं. मी खोटं बोललो. मला पयल्या दिशीपासनं ठावं हुतं."

आईनं ऐकून घेतलं. त्याच्याकडे बघितलं नाही, माझ्याकडेही नाही. ती पुढच्या खोलीत गेली, पहिल्या मागाला हात लावून कपाळाला नेला, दुसऱ्याला लावला.

"घाल चालू," ती रवळूमामांना म्हणाली.

अण्णा अजून बोलत होता. तोंड हलताना दिसत होतं, हातात नवा माऊस होता, बहुतेक त्याच्या बटणांबद्दल काहीतरी चांगलं सांगत असावा. मागाच्या खटक्यात काही ऐकू आलं नाही.